कुंडीतला वाफसा : घरातल्या झाडांचे पाणी आणि खत

रोपवाटिकेतून मनी प्लांट किंवा पीस लिली घरी नेणारा जवळजवळ प्रत्येक जण निघताना दोन प्रश्न विचारतो : पाणी किती घालायचे आणि खत कोणते द्यायचे? उत्तरांना तोटा नसतो. नर्सरीवाला सांगतो, एक दिवसाआड कपभर. सोसायटीचा माळी सांगतो, रोज सकाळी. मोबाइलवरचे व्हिडिओ आठवड्यातून एकदा म्हणतात आणि जोडीला केळीच्या सालींचे पाणी, अंड्याची टरफले, चहाचा चोथा सुचवतात. खताच्या पाकिटावर आणखी निराळे प्रमाण छापलेले असते. एवढे सल्ले मिळतात, पण झाड घरात नेमके कुठे ठेवणार आहात, हे क्वचितच कोणी विचारते. खरे तर पहिला प्रश्न तोच हवा. घरातल्या झाडाला किती पाणी लागेल आणि किती खत पचेल, हे सर्वांत आधी त्याच्यावर पडणारा उजेड ठरवतो. पाणी, खत, कुंडी, माती आणि ऋतू यांबद्दलचे प्रचलित सल्ले या एका कसोटीवर तपासले, की त्यांतले पुष्कळसे आपोआप निवडले जातात.

झाडाचे वजन येते कुठून?

या विषयाच्या शास्त्रीय इतिहासात एक कुंडी फार महत्त्वाची आहे. ब्रसेल्सजवळ राहणारे वैद्य आणि रसायनज्ञ यान बाप्टिस्ट व्हान हेल्मॉन्ट यांनी एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. शेवटी झाड भरले १६९ पौंडांच्या आसपास आणि माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा ती जेमतेम दोन औंस कमी झाली होती. हा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये, प्रसिद्ध झाला. झाड पाण्यापासूनच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि प्रकाश हे दोन मोठे वाटेकरी तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

पुढे १६९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांनी पुदिन्याची रोपे पावसाच्या, थेम्स नदीच्या आणि गढूळ पाण्यात वाढवून पाहिली. पाण्यात माती जास्त तशी वाढ जास्त, असे त्यांना दिसले. म्हणजे हेल्मॉन्ट यांनी दुर्लक्षिलेल्या त्या दोन औंसांना मोल होते. १८४० मध्ये जर्मन रसायनज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या ग्रंथाने खनिज पोषणाचा विचार सर्वदूर नेला. कार्ल श्प्रेंगेल यांनी आधी मांडलेला किमानाचा नियमही त्यांच्यामुळेच लोकप्रिय झाला : ज्या घटकाची सर्वाधिक टंचाई असते, तोच वाढीला लगाम घालतो आणि बाकीचे कितीही ओतले तरी उपयोग होत नाही.

आज आपल्याला माहीत आहे, की झाडाच्या कोरड्या वजनातला सुमारे ९५ टक्के भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा असतो आणि तो हवेतून व पाण्यातून येतो. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह इत्यादी चौदा खनिजे मिळून उरलेला लहानसा भाग भरतात. झाडाचे अन्न पानात, उजेडात तयार होते. खताचे काम स्वयंपाकातल्या मिठाचे आहे : त्याच्यावाचून चालत नाही, पण चमचाभर जास्त पडले की सारे बिघडते.

आता घरातला उजेड पाहा. उघड्यावर भर दुपारी सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीपासून दूरच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात तो शंभर-दोनशे लक्सवर येतो. आपले डोळे या फरकाला सहज सरावतात, म्हणून तो कोपरा आपल्याला उजळ वाटतो. झाडासाठी मात्र तिथे अन्ननिर्मिती अगदी मंद होते, वाढ मंदावते, पाणी कमी खर्च होते आणि खनिजांची मागणीही घटते. किमानाच्या नियमातला टंचाईचा घटक इथे उजेड असतो. तिथे खताचा डोस वाढवून पाने वाढत नाहीत, मातीत क्षार तेवढे साठतात.

पाणी : किती दिवसांनी?

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती श्वसन करतात आणि त्यासाठीचा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून येतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की तो मार्ग बंद होतो, कारण ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरासारखे रोगजंतू चढाई करतात, मुळे तपकिरी व लिबलिबीत होतात आणि त्यांना कुजका वास येतो. अशी मुळे पाणी शोषू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही झाड मान टाकते. पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते आणि तो आणखी पाणी घालतो. घरातली कितीतरी झाडे अशी मायेपोटीच मरतात.

आपला शेतकरी पावसानंतर लगेच शेतात औत घालत नाही. तो वाफशाची वाट पाहतो : मातीत ओल आहे, पण चिखल नाही आणि हवा खेळते आहे अशी स्थिती. कुंडीलाही हाच वाफसा हवा. तो दिनदर्शिकेवरून कळत नाही, माती तपासूनच कळतो. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालावे. मोठ्या कुंडीत बांबूची बारीक काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढावी. तिला ओली माती चिकटली, तर थांबावे. लहान कुंडी पाणी घातल्यावर लगेच आणि मग दोन-तीन दिवसांनी उचलून पाहावी. काही आठवड्यांत हाताला वजनाचा अंदाज येतो आणि ही सर्वांत भरवशाची पद्धत ठरते. बाजारातली स्वस्त ओलावामापके बहुधा मातीची विद्युतवाहकता मोजतात. मातीत क्षार साठले असतील, तर ती कोरड्या मातीलाही ओली ठरवू शकतात.

पाणी घालायची वेळ आली, की ते तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे. रोजच्या कपभर पाण्याने वरचे दोन इंच भिजतात, खालची मुळे कोरडी राहतात आणि क्षार धुऊन न जाता मातीतच साचतात. भरपूर घालावे आणि मग वाफशासाठी थांबावे, हा नियम थोड्या फरकाने सगळ्या झाडांना लागू पडतो. फरक थांबण्याच्या काळात आहे. स्नेक प्लांट, कोरफड, जेड ही झाडे रात्री पर्णरंध्रे उघडतात आणि पाणी जपून वापरतात. झीझी प्लांट मातीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवतो. या सर्वांची माती पूर्ण सुकू द्यावी. मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, रबर प्लांट यांच्या मातीचा वरचा दोन इंचांचा थर सुकला, की पाणी द्यावे. नेचे, कॅलाथिया आणि पीस लिली यांना माती फार सुकलेली सोसत नाही. पीस लिली तहानेने लोळली तरी पाणी मिळताच काही तासांत उभी राहते, पण वारंवार तसे होऊ देऊ नये.

कुंडी आणि माती

भाजलेल्या मातीची कुंडी सच्छिद्र असते, तिच्या भिंतींतूनही बाष्पीभवन होते. प्लास्टिकच्या किंवा झिलई दिलेल्या कुंडीत तेच पाणी बरेच जास्त दिवस टिकते. रोपाच्या मानाने खूप मोठी कुंडी घेतली, तर मुळे न पोचलेली माती ओलीच राहते, म्हणून कुंडी बदलताना एक-दोन इंच मोठी पुरते. भोक नसलेली शोभेची कुंडी बाहेरचे आवरण म्हणून वापरावी आणि रोप भोकाच्या कुंडीसकट आत ठेवावे.

तळाला खडे किंवा विटांचे तुकडे घालावेत का, हा जुना वाद आहे. मृदाशास्त्राच्या दृष्टीने बारीक माती पाण्याने संपृक्त झाल्याशिवाय ते पाणी खालच्या भरड थरात सहज उतरत नाही. याउलट काही प्रयोगांत अशा थराचा थोडा लाभही दिसला आहे. व्यवहारात एवढे पक्के समजावे, की बंद भांड्यातले खडे पाणी बाहेर काढू शकत नाहीत. निचरा सुधारायचा तो माती मोकळी करून. भोकावर एखादे खापर ठेवायला हरकत नाही, त्याने माती वाहून जात नाही.

काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की चिकट होते, म्हणून कुंडीत ती एकटी वापरू नये. पोयट्याची किंवा लाल माती, कोकोपीट, कुजलेले शेणखत वा गांडूळखत आणि थोडी भरड वाळू किंवा परलाइट असे मिश्रण घरातल्या बहुतेक झाडांना मानवते. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, शिवाय त्याचा पृष्ठभाग कोरडा दिसत असतानाही आत ओल असते. त्याच्यावर वरवरच्या नजरेने विश्वास टाकू नये. त्यात मिठाचा अंश असू शकतो, म्हणून विटेच्या रूपात मिळणारे कोकोपीट भिजवल्यावर दोनदा स्वच्छ पाण्याने धुवावे. ते एकदा कडक वाळले, की वरून घातलेले पाणी कडेने निघून जाते. तेव्हा कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसवावी.

महाराष्ट्रातल्या रोपवाटिकांमध्ये येणाऱ्या रोपांपैकी पुष्कळ आंध्र प्रदेशातल्या कडियमच्या परिसरात वाढलेली असतात. ती शेडनेटखालच्या भरपूर उजेडात आणि भरपूर खतावर वाढवलेली असतात. घरात आल्यावर काही पाने गळणे हे उजेड घटल्याचे लक्षण असते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अपॉप्का येथील केंद्रात शोभेच्या पर्णवनस्पतींवर झालेल्या दीर्घ संशोधनाने रोपांचे कमी उजेडाला असे सरावणे समजावून दिले. नव्या रोपाला पहिला महिना-दीड महिना खत देऊ नये, त्याच्या मातीत ते आधीच असते.

ऋतू आपले, सल्ले परक्यांचे

पुस्तकांत आणि व्हिडिओंत वारंवार येणारा एक नियम असा : हिवाळ्यात खत बंद आणि पाणी निम्मे. हा नियम युरोप-अमेरिकेत बरोबर आहे. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांहूनही लहान होतो. मुंबईचा सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि आकाश निरभ्र असते. कोकणात आणि मुंबईत डिसेंबरात खिडकीजवळची झाडे चांगली वाढत राहतात. पुणे, नाशिक, विदर्भात रात्री गार पडल्यामुळे वाढ काहीशी मंदावते, तेवढ्यापुरते पाणी कमी करावे.

आपल्याकडे घरातल्या झाडांचा खरा मंद काळ जुलै-ऑगस्टमध्ये येतो. कोकणपट्टीत ढगांमुळे जमिनीवर पोचणारा प्रकाश तेव्हा डिसेंबरपेक्षाही कमी असतो आणि दमट हवेमुळे पानांतून पाणी फारसे उडत नाही. बाहेर बागेत सगळे फोफावत असते, म्हणून आपण आतल्या झाडांनाही त्याच उत्साहाने पाणी आणि खत देतो. मुळे कुजण्याचे आणि मातीवर चिलटे उडण्याचे दिवस हेच. पावसाळ्यात आतल्या कुंड्यांचे पाणी निम्म्याहून कमी होऊ शकते आणि खत दोन महिने थांबवले तरी काही बिघडत नाही. याउलट एप्रिल-मेमध्ये नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात किंवा कूलरच्या वाऱ्यात तीच कुंडी रोज पाणी मागेल.

पानांवर पाणी फवारल्याने खोलीतली आर्द्रता काही मिनिटांपुरती वाढते, फार काही साधत नाही. धूळ पुसायला मात्र ओले फडके जरूर वापरावे, कारण धूळ उजेड अडवते. दुपारी पाण्याचे थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, ही समजूत हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासली. गुळगुळीत पानांवर तसे होत नसल्याचे त्यांना आढळले.

पाणी कोणते?

नगरपालिकेचे पिण्याचे पाणी बहुतेक झाडांना चालते. स्पायडर प्लांट आणि ड्रासीना यांच्या पानांची टोके फ्लोराइडने करपतात. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने त्यातला मोकळा क्लोरीन उडतो, फ्लोराइड तसाच राहतो. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंड्यांवर पांढरा थर चढतो, तो क्षारांचा असतो. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची पद्धत सध्या रूढ आहे. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त एकवटलेले असतात. मूळ पाणी बोअरचे असेल, तर आरओचे वाया जाणारे पाणी कुंडीत अजिबात घालू नये, फरशी पुसायला वापरावे. एसीतून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते, ते झाडांना चालते. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम.

खत : थोडे, पातळ आणि वाढीच्या दिवसांत

पाकिटावरचे तीन आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी सांगतात. पर्णवनस्पतींसाठी ३:१:२ हे गुणोत्तर योग्य मानले जाते, पण आपल्या कृषिसेवा केंद्रांत सहज मिळणारे विद्राव्य १९:१९:१९ घरगुती वापराला पुरते. प्रश्न प्रमाणाचा आहे. एका लिटरमध्ये एक ग्रॅम घातले, की त्यात १९० मिलिग्रॅम नत्र येते आणि हे प्रमाण चांगल्या उजेडातल्या, जोमाने वाढणाऱ्या झाडाचे आहे. घरात लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा किंवा दोनदा, एवढे पुष्कळ झाले. सपाट चमचा सुमारे पाच ग्रॅमचा असतो, म्हणजे ‘चमचाभर’ हे माप इथे दहापट ठरते. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्याचा एक चमचा कुंडीतल्या मुळांना जाळायला पुरेसा आहे. युरियासारखी शेताची खते कुंडीत आणू नयेत.

जाळणे म्हणजे काय, तेही समजून घ्यावे. मातीतल्या पाण्यात क्षार वाढले, की पाणी मुळांत शिरण्याऐवजी मुळांतूनच बाहेर ओढले जाते. म्हणूनच कोरड्या मातीत खत देऊ नये, आधी साधे पाणी द्यावे. दर तीन-चार महिन्यांनी कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत. हळूहळू सुटणाऱ्या दाणेदार खताचा कालावधी साधारण २१ अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुटते, म्हणून निम्मेच घालावे.

सेंद्रिय की रासायनिक, या वादात मुळांची बाजू साधी आहे. ती नत्र मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियम या रूपांत घेतात, मग ते पेंडीतून आलेले असो वा पाकिटातून. सेंद्रिय खताचे खरे देणे मातीला आहे : ती भुसभुशीत होते, ओल आणि हवा दोन्ही धरते, जिवाणू नांदतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ या आपल्या चळवळीतून घरच्या पालापाचोळ्यापासून सकस माती घडवण्याचा मार्ग अनेकांना दाखवला आणि गच्चीवरच्या बागांना त्याचा मोठा आधार झाला. घरातल्या कुंडीला दोन-तीन महिन्यांनी मूठभर चाळलेले गांडूळखत देणे ही सर्वांत सुरक्षित सवय आहे, त्यात चूक झाली तरी झाड मरत नाही. जीवामृत, स्लरी, भिजवलेली शेंगदाणा पेंड गच्चीवर उत्तम. बंद खोलीत त्यांचा वास आणि माश्या सोसवत नाहीत. कच्चे शेण तर कुठेच घालू नये.

स्वयंपाकघरातल्या उपायांचे मूल्य मर्यादित आहे. अंड्याच्या टरफलातले कॅल्शियम कार्बोनेट फार सावकाश विरघळते. केळीच्या सालीत पालाश असते, नत्र फारच थोडे. साखर-दूध असलेला चहाचा चोथा मातीवर बुरशी आणि मुंग्या आणतो. तांदळाचे धुवण अधूनमधून चालेल. या सर्वांची योग्य जागा कंपोस्टच्या डब्यात आहे. तिथून ते कुजून आले, की झाडाला निश्चित उपयोगी पडतात.

पाने काय सांगतात

नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाच्या आत हलू शकतात. ते कमी पडले, की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देते, म्हणून लक्षण खालच्या पानांवर दिसते : नत्राचे सरसकट पिवळेपण, पालाशाची करपलेली कड, मॅग्नेशियमचे शिरांमधले पिवळेपण. लोह हलत नाही, म्हणून त्याच्या कमतरतेत नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. पण खताकडे वळण्याआधी माती तपासावी. घरातल्या झाडाची पाने पिवळी पडण्यामागे अतिपाणी आणि अपुरा उजेड ही कारणे उपासमारीपेक्षा फार अधिक वेळा सापडतात. वेडेवाकडे लांबलेले देठ आणि लहान होत जाणारी नवी पाने उजेडाचीच मागणी करत असतात.

एक जबाबदारी मात्र झाडापलीकडची आहे. कुंडीखालच्या ताटलीत आणि मनी प्लांटच्या बाटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा एडिस डास अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी करावी, बाटलीचे पाणी आठवड्यातून एकदा बदलावे आणि तिच्या भिंती आतून घासाव्यात, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात.

निष्कर्ष

सगळ्या सल्ल्यांचा ताळमेळ घातला, तर क्रम असा लागतो : आधी उजेड, मग निचरा, मग पाणी आणि सर्वांत शेवटी खत. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. झाड सुकले की आपण खत आणतो, आणि खिडकी चार पावलांवर असते. वाचकांना एकच विनंती आहे. या आठवड्यात खताचे पाकीट उघडण्याआधी घरातली प्रत्येक कुंडी एकदा उचलून पाहा, मातीत बोट घाला, भोक मोकळे आहे का ते तपासा आणि अंधाऱ्या कोपऱ्यातले झाड खिडकीशी आणा. एवढे केल्यावर तुमच्या बऱ्याच झाडांना दुसऱ्या कशाची गरज उरणार नाही.